सामना तिथंच होता

४ ऑगस्ट, सोमवार

आज पहिला तास झाला. नववीची वीसेक मुलं, आणि त्यांच्यापुढे मी, जिने आयुष्यात कधी खडू हातात धरला नव्हता. मुख्याध्यापिकांनी ओळख करून दिली, "या बाई वर्तमानपत्रात होत्या. खेळाचं पान बघायच्या." होत्या. ते पान बंद झालं हे त्यांनी सांगितलं नाही, बरं केलं.

कल्पना माझीच. मुलांना पाच वाक्यं धड लिहिता येत नाहीत अशी शाळेची ओरड, आणि खेळावर बोलायला बसली की तासन्‌तास थांबत नाहीत. मग सामन्यांच्या बातम्याच लिहायला लावू. जमल्या तर जिन्याजवळच्या फलकावर लावू. दादा इथं खेळाचा शिक्षक आहे, त्याने शब्द टाकला म्हणून मुख्याध्यापिका हो म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत मैदानावर काय पाहिलंत ते लिहा म्हटलं, तर निम्म्या वर्गाने लिहिलं, 'खेळामुळे शरीर निरोगी राहते.' हे तुम्हाला मैदानावर नेमकं कुठं दिसलं, असं विचारलं. हशा झाला. हातवारे करत बोलणारा एक मुलगा आहे, त्याला सगळे पंखा म्हणतात. त्याच्या चार ओळींत वीज दोनदा कडाडली होती आणि एक वाघ झेपावला होता. म्हटलं, "वीज आणि वाघ दोघांना मैदानाबाहेर काढ. मग कोण उरतं ते बघू."

शेवटच्या बाकावर एक काटकुळी मुलगी बसते, टाचणी. तिने विचारलं, "बाई, जे दिसलं ते लिहिलं आणि कुणाला राग आला तर?"

मी म्हटलं, "तर समजायचं, बातमी वाचली गेली."

वर्गाला ते फार आवडलं. खरं सांगायचं तर मलाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

मुलांना मैदानावर नेलं. मुलींच्या फुटबॉलचा सराव चालू होता. दादाचा आवाज अजून तसाच, पार रस्त्यापलीकडच्या दुकानांत ऐकू जातो. गोलकीपर दहावीतली, थोराड हाडाची मुलगी. तिचं नाव भिंत. तिच्या वडिलांचं गॅरेज शाळेला लागूनच आहे. हातात पाना घेऊन ते कुंपणाशी येऊन उभे राहतात, आणि तिने चेंडू अडवला की काही न बोलता परत जातात.

टाचणीने लिहिलं : 'सरांनी शिटी वाजवली तेव्हा गोलकीपर बुटाची नाडी बांधत होती. चेंडू तिला न विचारता आत गेला.'

दोनदा वाचलं. वर्तमानपत्रात असते तर ही मुलगी मी कुणाच्या हाती लागू दिली नसती. घरी दादाला दाखवलं. तो हसून म्हणाला, "ही पोरगी घातक आहे."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

संघ उपांत्य फेरीत गेला. जेवताना दादा दुसरं काही बोललाच नाही. वाढलेलं गार झालं. इतक्या वर्षांत शाळेला एकही चषक मिळालेला नाही आणि पुढल्या वर्षी हा निवृत्त होणार. वहिनी म्हणाली, "चषक नाही मिळाला तर काय घरात घेणार नाही का तुम्हाला?" तो हसला, पण उशिराने.

मला त्याचं समजतं. बाबा गेले तेव्हा तो स्वतः चांगल्या संघात खेळत होता. ते सोडून त्याने ही नोकरी धरली आणि मला शिकवलं. माझं पान बंद झालं तेव्हा न विचारता टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. "मागची खोली रिकामीच आहे," एवढंच म्हणाला. पोस्टातून थकून आलेल्या वहिनीने त्याच संध्याकाळी खोलीला पडदे लावले. अशा माणसाला एक चषक मिळावा असं वाटणं काही चूक नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

उपांत्य सामना जिंकलो! दोन-एक!

वर्गातली सातआठ मुलं बरोबर होती. दादाच्या शेजारी, रेषेलगतच उभे होतो. दुसऱ्या अर्ध्यात एक उंच चेंडू आला, भिंत पुढे झेपावली आणि समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या डोक्यावर बसला.  पण उठली पोरगी. उठून चुकून पलीकडच्या गोलकडेच निघाली होती, आमच्या मुलींनी हसत हसत वळवून आणली. दादा रेषेच्या जरा आत जाऊन तिच्याशी बोलला, तिने मान हलवली, खेळ सुरू. नंतर तिने एक गोल असा अडवला की पंख्याने स्वतःची टोपीच फेकून दिली आणि ती गटारात गेली.

सामना संपल्यावर भिंत माझ्यापाशी येऊन म्हणाली, "बाई, कितीला किती झाले?" मी सांगितलं. बसमध्ये बसल्यावर पुन्हा तेच. मी म्हटलं, "अगं, तूच अडवलेस आणि मलाच विचारतेस?" सगळ्या हसल्या. आनंदाने बावचळली होती अगदी. मग खिडकीला डोकं टेकून झोपली, इतक्या गोंगाटात.

टाचणी तेवढी हसली नाही. ती लिहीत होती. हिला जरा मोकळं व्हायला शिकवलं पाहिजे.

३१ ऑगस्ट, रविवार

भिंत दवाखान्यात आहे. पहाटेपासून उलट्या, मग हाकेला ओ देईना. मेंदूपाशी रक्त साचलंय म्हणे. दुपारी शस्त्रक्रिया.

दादा दवाखान्यातून आला तो पायातले बूट न काढताच खुर्चीवर बसला. वहिनीने खाली बसून त्याच्या नाड्या सोडल्या.

१ सप्टेंबर, सोमवार

शस्त्रक्रिया नीट झाली म्हणतात. अजून शुद्धीवर नाही. तास घेतला. शनिवारच्या बातम्या गोळा केल्या, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

टाचणीच्या बातमीतला मधला भाग इथं उतरवते.

'गोलकीपरच्या डोक्याला गुडघा लागला. गोलकीपर पडली. उठली आणि दुसऱ्या गोलकडे चालू लागली. दोघींनी तिला हाताला धरून परत आणलं. सर आत गेले. सर म्हणाले, "चालेल ना?" गोलकीपर म्हणाली, "सर, दोन दोन दिसतंय." सर म्हणाले, "दहाच मिनिटं. त्यातला मोठा चेंडू पकड." गोलकीपरने मान हलवली. बाहेर बदली गोलकीपर हातमोजे चढवत होती. सरांनी तिला बसायला सांगितलं.'

'गोलकीपर' हा शब्द फार वेळा आलाय. 'सर म्हणाले' दोनदा. निकाल तर शेवटच्या ओळीत ढकललाय, तो पहिल्या ओळीत हवा. लाल पेनने एवढं सगळं लिहिलं. पुन्हा लिहायला सांगावं लागेल.

३ सप्टेंबर, बुधवार

भिंतीने डोळे उघडले. आईला ओळखलं. वहिनीने ही बातमी आणली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली.

भिंतीचे वडील शाळेत आले होते. आरडाओरडा केला नाही. टोपी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "माझ्या मुलीने काही सांगितलं होतं का तिथं? त्रास होतोय वगैरे?" दादा म्हणाला, "नाही. बोलली असती तर मी लगेच बाहेर काढलं असतं." मुलींनीही मान डोलावली. सरांवर जीव आहे त्यांचा.

मी त्याच खोलीत होते. दादा इतका ताणाखाली आहे की त्याला नीट आठवत नसणार. आणि मैदानावर किती गोंगाट असतो. टाचणीलाही चुकीचं ऐकू आलं असेल.

मुख्याध्यापिका मागाहून म्हणाल्या, "चौकशी होईल तेव्हा होईल. तोवर फलकावर चार ओळींची बातमी लावा. निकाल, गोल कुणी केले, बस्स." त्यांचंही बरोबर आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

टाचणीला वर्गाबाहेर घेतलं. म्हटलं, बातमी चांगली आहे पण सामन्याची बातमी सामन्याबद्दल असते, दुखापतीबद्दल नाही.

ती म्हणाली, "पण बाई, सामना तिथंच होता."

"तुला नीट ऐकू आलं होतं का? 'दोन दोन दिसतंय' वगैरे?"

"तुम्हाला नाही आलं? तुम्ही माझ्या पुढेच उभ्या होता."

मी म्हटलं, मी दुसरीकडे बघत होते. तिने कागद घेतला. यातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते सांगा, मी काढते, म्हणाली. मी म्हटलं, खोट्याखऱ्याचा प्रश्न नाही, लांबीचा आहे. स्वतःचंच बोलणं ऐकून मला कसंसंच झालं. पण कधी काय छापायचं हेही शिकावं लागतं. पंचवीस वर्षं मी तेच केलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

टाचणीने नवी बातमी दिली. 'उपांत्य सामन्यात आपली शाळा दोन विरुद्ध एक गोलने जिंकली.' गोल करणाऱ्या दोघींची नावं. संपलं. एकही चूक नाही.

"खाली तुझं नाव राहिलं."

"राहिलं नाही, बाई. हे मी पाहिलेलं नाही."

बिननावाची बातमी फलकावर लावली. संध्याकाळी दादाने विचारलं, "फलकावरचं कुणी लिहिलंय? टाचणीने लिहिलं नाही का या वेळी?" मी म्हटलं, तिला जमलं नाही. "असं," म्हणाला तो. सुटल्यासारखं वाटलं असणार त्याला. मग थोड्या वेळाने पुन्हा खोलीच्या दारात आला. "होती ना ती तिथं? लिहीत होती, मी पाहिलं होतं." म्हटलं, तू कशाला डोक्याला त्रास करून घेतोस, मी बघितलंय सगळं. तो उभा राहिला जरा वेळ, मग गेला.

९ सप्टेंबर, मंगळवार

वहिनीबरोबर दवाखान्यात गेले. भिंतीचं डोकं भादरलंय, चेहरा अर्धा सुजलाय. मला ओळखलं. "बाई, मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. जाताना बसमध्ये चढलो, तेवढंच," म्हणाली. आता खेळायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, ते अजून तिला कुणी सांगितलेलं नाही.

बाहेर तिच्या आईने माझा हात धरला. "तुम्ही होता ना तिथं? काय झालं हो? हिचे बाबा रोज हिला बोलतात, तोंड उघडून सांगितलं का नाहीस म्हणून. ती रडते, म्हणते, चुकलंच माझं. सर म्हणतात ती काही बोललीच नाही."

मी म्हटलं, "मी जरा लांब होते."

परतताना वहिनी रस्त्यात थांबली. मग म्हणाली, "तू लांब नव्हतीस."

"तुला काय माहीत?"

"तू त्या दिवशी आल्या आल्या सगळं सांगितलंस मला. गुडघा लागल्याचा आवाज आला म्हणालीस." पुढे चालू लागली आणि म्हणाली, "हे झोपत नाहीत गं. रोज तुझ्या खोलीच्या दारापर्यंत जातात नि परत येतात. तू विचारायची वाट बघतायत."

वहिनीचं कधी कधी काही कळत नाही मला. मी काय विचारायचं? तिला वाटत असेल मी त्याची चौकशी करत नाही. उद्या त्याला आवडतं ते काहीतरी करून घालीन.

१० सप्टेंबर, बुधवार

तासाला पंख्याने विचारलं, "बाई, टाचणीची बातमी का नाही लावली? आम्ही सगळ्यांनी वाचलीये."

मी तोंड उघडलं ते लांबीबद्दल सांगायला. वीस चेहरे माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. नुसतं बघत होते, जसं मी पहिल्या दिवशी त्यांना बघायला सांगितलं होतं.

मी फळ्याकडे वळले आणि लिहायला लागले. मी गुडघ्याचा आवाज ऐकला. मी गोलकीपरला उलट्या दिशेला जाताना पाहिलं. तिने मला कितीला किती झाले असं विचारलं. बसमध्ये पुन्हा विचारलं. मी हसले.

तेवढ्यावर खडू थांबला. 'दोन दोन दिसतंय' हेही ऐकलं होतं. रेषेवर मी दादाच्या मागे चार पावलांवर होते. ते लिहिलं तेव्हा वर्गात पंख्याचा आवाज येत होता, छतावरच्या.

टाचणी म्हणाली, "बाई, खाली नाव?"

लिहिलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी मुख्याध्यापिकांना भेटले. टाचणीकडून मागून घेतलेला तिचा पहिला कागद पुढे ठेवला, त्यावर माझ्या लाल रेघा तशाच. फळ्याबद्दल त्यांच्या कानावर गेलंच होतं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "भाऊ आहे तो तुमचा. त्याचं काय होईल कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि तुमचं?"

तेही कळत होतं. एक दिवस थांबा म्हटलं, आधी त्याला दाखवते. कागद घेऊन घरी आले.

दादा भाजी निवडत बसला होता. समोर कागद ठेवला. त्याने हात पुसले, चष्मा लावला. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने सावकाश वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी राहिली, वळली नाही.

"दहा नव्हती," दादा म्हणाला.

मला वाटलं, आता हा नाकारणार. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

"पंधरा मिनिटं उरली होती. घड्याळ माझ्या हातात होतं. पंधरा म्हटलं असतं तर ती बसली असती खाली. म्हणून दहा म्हणालो." त्याने कागदाची घडी केली, परत उलगडली. "पोरीला सांग, तिचं चुकलेलं नाही. मी जे म्हणालो तेच लिहिलंय तिने. बाकीचं तिला कसं कळणार."

"दादा, मी तेव्हाच..."

"विचारायचं होतंस गं, छोटे," तो म्हणाला. "एकदा नुसतं विचारायचं होतंस. मला स्वतःहून बोलायला जमेना."

भाजी तशीच राहिली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दादा सकाळी माझ्या आधीच शाळेत गेला. मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं, पंधरा मिनिटांसकट, आणि लिहून दिलं. मैदानावर यायची त्याला आता मनाई आहे. पुढचं चौकशी समिती ठरवेल. मी तास घ्यायचे की नाही तेही तीच ठरवणार. तोवर घेतेय.

फलकावरची बातमी मी काढून टाकली. टाचणीची लावायला परवानगी मिळालेली नाही. फलक रिकामा आहे. मुलं जाता येता त्याच्याकडे बघतात.

२१ सप्टेंबर, रविवार

भिंत घरी आली. तिने निरोप पाठवला होता, बातमी ऐकायचीय. मी आणि टाचणी जायला निघालो, तर दादा बूट घालून तयार. वहिनी म्हणाली, "त्यांनी बोलावलंय का तुम्हाला?" "नाही," म्हणाला, आणि आमच्या मागून चालू लागला.

गॅरेजच्या वरच त्यांची खोली. भिंत पलंगावर, डोक्याला रुमाल. वडील खिडकीशी. त्यांनी दादाकडे पाहिलं आणि नजर बाहेर वळवली. आम्हाला खुर्च्या दिल्या. दादा चौकटीपाशीच उभा राहिला.

टाचणी वाचायला लागली. तिचा आवाज बारीक आहे. गुडघ्यापर्यंत आली, दुसऱ्या गोलकडे चालत गेल्यापर्यंत आली, आणि थांबून माझ्याकडे बघायला लागली.

"थांबलीस का?" भिंत म्हणाली. "वाच की."

तिने वाचलं. दोन दोन दिसतंय. दहाच मिनिटं.

 खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"म्हणजे मी सांगितलं होतं," भिंत म्हणाली.

"हो," टाचणी म्हणाली.

"बाबा, मी सांगितलं होतं."

तिचे वडील खिडकीशी तसेच उभे होते. मग वळले, पलंगाशी आले, बसले, आणि ग्रीसचे डाग असलेला हात तिच्या पायावर ठेवून म्हणाले, "उगाच बोललो गं तुला. रोज बोललो."  आई तोंडाला पदर लावून आत गेली.

दादा चौकटीतून म्हणाला, "पंधरा मिनिटं होती. मी तुला दहा सांगितली. तुझं काहीही चुकलं नव्हतं."

भिंतीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "मग मी किती अडवले त्या पंधरात?"

"तीन," दादा म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

तिने मान हलवली आणि डोळे मिटले. थकली होती.

निघालो तेव्हा तिची आई दारापर्यंत आली, "या," म्हणाली. ते मला आणि टाचणीला होतं. दादाला ते कळलं असावं, तो आधीच जिना उतरून रस्त्यावर गेला होता.

परतताना दादा पुन्हा आमच्या मागून चालत होता. टाचणीच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलो. तिने कागद दप्तरात ठेवला, थोडी घुटमळली, मग दादासमोर येऊन म्हणाली, "येते, सर."

"ये," दादा म्हणाला. आणि ती गल्लीच्या पार टोकाला जाऊन आपल्या दारात शिरेपर्यंत तिथंच उभा राहिला.